निम्म्या दरात महाल: खुलासा

‘महालात राहा निम्म्या दरात’ असली विकतची पीडीएफ घ्यावी का, असं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आपली मंडळी विचारतात. नको. तिच्यातली हुकमी युक्ती ठरलेली: ब्राउझर इन्कॉग्निटो (जुने शोध लक्षात न ठेवणारा) करा, विमानभाडं उतरतं. उतरत नाही. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाडेगटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की महाग गट उघडतो, म्हणून दुसऱ्यांदा बघताना भाडं चढलेलं दिसतं. कोणत्या तारखेला स्वस्त, हे गूगल फ्लाइट्स फुकट दाखवतं.

हॉटेलचं म्हणाल, तर आपल्या उषाकिरण पॅलेस या महालातल्या हॉटेलचे मे आणि डिसेंबरचे दर स्वतःच ताडून पाहा. ग्वाल्हेरचा उन्हाळा सोसायची तयारी मात्र हवी! शिवाय खोलीभाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर गेलं की जीएसटी १८ टक्के. ‘निम्मा दर’ बहुधा तो वगळूनच सांगतात.