ताटातला पारा, दुकानातले भाव

१९८०च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या क्युबेक प्रांतात एरिक देवाई नावाचे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर आईच्या दुधात पीसीबी किती उतरतं ते मोजत होते. पीसीबी ही ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात पूर्वी वापरली जाणारी रसायनं. दक्षिण क्युबेकमधल्या, म्हणजे शहरं आणि कारखाने असलेल्या पट्ट्यातल्या आयांचे नमुने हाती होते. तुलनेसाठी कुठलं तरी निर्मळ दूध हवं होतं. हडसन उपसागराच्या काठच्या, इन्युइट या आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमधून, तिथे काम करणाऱ्या एका सुईणीच्या मदतीने, ते मिळालं. कारखाना सोडाच, जिथे झाडही धड वाढत नाही तिथलं दूध. तपासलं तेव्हा त्यातलं पीसीबी दक्षिणेतल्या आयांच्या साधारण पाचपट निघालं.

या भागाचं नाव नुनाविक. क्युबेकचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा, आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास दीडपट आणि वस्ती जेमतेम १४ हजार. त्यातले दहातले नऊ इन्युइट. किनाऱ्याकिनाऱ्याने विखुरलेली १४ गावं आहेत. दक्षिणेकडून तिथे एकही रस्ता जात नाही, या गावातून त्या गावालाही नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला की मालाची जहाजं येतात, बाकी वर्षभर विमान.

मग पीसीबी तिथे पोचलं कसं? यातली काही रसायनं उबदार हवेत हळूहळू उडून जातात, वाऱ्याबरोबर उत्तरेला सरकतात आणि गार हवेत पुन्हा खाली बसतात. वरणाच्या पातेल्यावरच्या गार झाकणाला वाफ धरते, तसंच. ती सहज विघटित होत नाहीत आणि पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतात. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांपासून छोटे मासे, त्यांच्यापासून मोठे मासे, मग सील आणि पांढरा बेलुगा देवमासा, अशा एकेका पायरीला विष साकळत जातं. या उतरंडीच्या टोकाला माणूस. त्यातही बाळ एक पायरी वर, कारण ते आईच्या चरबीतून आलेलं दूध पितं.

आता दुसऱ्या कुठल्या प्रदेशात डॉक्टरांनी सरळ सांगितलं असतं, ‘हे खाऊ नका.’ नुनाविकमध्ये ते इतकं सोपं नव्हतं. बेलुगाची कातडी, तिच्याखालच्या चरबीच्या थरासकट, म्हणजे मत्ताक. घरात जमिनीवर पुठ्ठा अंथरायचा, ‘उलु’ नावाच्या अर्धचंद्राकृती सुरीने तिचे बारके तुकडे करायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून ते कच्चेच चघळायचे. त्यात ओमेगा-३ आहे, जीवनसत्त्वं आहेत, सेलेनियम हे खनिज तर भरपूर. हे बंद केलं तर ताटात काय येणार, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी दुकानात जावं लागतं.

ते काम लाव्हाल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जेरार दुएम यांच्या गटाने केलं. त्यांनी नुनाविकमधल्या दुकानांतले भाव घेतले आणि क्युबेक शहरातल्या भावांशी ताडून पाहिले. २०११च्या पाहणीत किराणा ८१ टक्के महाग निघाला. पुढे सरकारी सवलती वाढल्या, तरी २०१६ला तफावत ५५ टक्क्यांच्या आसपास होतीच. ताजी भाजी-फळं विमानाने येतात. साखर, बिस्किटं, गोड पेयं टिकतात, म्हणून ती नेहमी हजर असतात. सीलचं मांस सोडून दुकानाकडे वळलेलं कुटुंब पालक आणि सफरचंद आणेल, हा दक्षिणेतल्या तज्ज्ञाचा भाबडेपणा झाला.

आणि शिकार फुकट होते असंही नाही. स्नोमोबाइल, बोट, पेट्रोल, काडतुसं, सगळं विकतचंच. ज्याला पगार आहे त्याला हे परवडतं, पण शिकारीला वेळ नसतो. ज्याला वेळ आहे त्याच्या टाकीत पेट्रोल नसतं. यावरची नुनाविकची तोड मला फार शहाणपणाची वाटते. जेम्स उपसागराच्या जलविद्युत प्रकल्पाच्या वेळी १९७५मध्ये इन्युइट, क्री हे शेजारचे मूळ रहिवासी आणि सरकार यांच्यात करार झाला आणि त्यातून पुढे शिकाऱ्यांना आधार देणारी योजना उभी राहिली. शिकारी मांस-मासे आणतो, योजनेतून त्याला पैसे मिळतात, माल गावाच्या सामायिक फ्रीझरमध्ये जातो आणि गरज असलेला तिथून फुकट नेतो. वाटून खाण्याची जुनी रीत तशीच राहिली, फक्त तिला सरकारी निधीची जोड मिळाली. आरोग्याच्या कुठल्याही सल्ल्याला या फ्रीझरची दखल घ्यावीच लागते.

सल्ला नेमका असला तर तो लागू पडतो, याचं चांगलं उदाहरण शिशाचं आहे. बाळांच्या नाळेतल्या रक्तात शिसं जास्त सापडत होतं. शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण तपासल्यावर बोट गेलं ते बंदुकीच्या छऱ्यांकडे: बदकं-हंस मारताना त्यांचे कण मांसात राहत होते. १९९९मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर कॅनडाभर बंदी आली, गावोगाव समजावून सांगितलं गेलं आणि रक्तातलं शिसं उतरलं. पक्षी खाणं काही कोणी सोडलं नाही.

पारा असा ऐकत नाही. तो जगभरच्या कोळशाच्या धुरातून आणि छोट्या सोन्याच्या खाणींमधून हवेत जातो. नुनाविकमध्ये गर्भापासून शाळकरी वयापर्यंत मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असं दिसलं की गर्भात असताना पारा जास्त मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने थोडा कमी भरतो. तेव्हा, २०११मध्ये, प्रादेशिक आरोग्य मंडळाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना बेलुगाचं मांस कमी करायला सांगितलं. इथे बारकावा महत्त्वाचा. पारा मांसात जास्त असतो आणि वाळवलेल्या मांसात पाणी उडाल्यामुळे आणखी दाट होतो. कातडीत तो कमी असतो, शिवाय तिच्यातलं सेलेनियम पाऱ्याचा उपद्रव काहीसा रोखत असावं असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे मत्ताक खा, सुकं मांस आवरा. ‘देवमासा विषारी’ अशी बातमी आणि हा सल्ला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाळाला अंगावर पाजणं चालू ठेवा, हेही डॉक्टर पहिल्यापासून सांगत आले आहेत.

या आकड्यांनी जगाच्या राजकारणातही काम केलं. नुनाविकच्या कुजुआकमध्ये जन्मलेल्या इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लुटिये यांनी १९९९मध्ये, अशा न विघटणाऱ्या विषारी रसायनांना जगभर आळा घालण्यासाठी नैरोबीत चाललेल्या वाटाघाटींच्या वेळी, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख क्लाउस टोप्फर यांना आई आणि बाळाची दगडात कोरलेली मूर्ती दिली. पुढच्या बैठकांमध्ये ती अध्यक्षांच्या टेबलावर असे. २००१चा स्टॉकहोम करार त्यातूनच आकाराला आला, आणि त्याच्या प्रस्तावनेत आर्क्टिकच्या लोकांचा खास उल्लेख आहे. करारातल्या रसायनांच्या यादीतलं डीडीटी हे कीटकनाशक आपल्या ओळखीचं. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला सरकारी कारखान्यात ते तयार होत असे आणि हिवतापाच्या फवारणीला जाई. करारात रोगवाहक कीटकांसाठी डीडीटीला सवलत ठेवली गेली. इन्युइट प्रतिनिधींनी तिला विरोध केला नाही. आपल्या बाळासाठी दुसऱ्या आईचं बाळ हिवतापाच्या तोंडी द्यायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती.

त्यानंतर नुनाविकच्या गर्भवतींच्या रक्तातलं पीसीबी आणि डीडीटी खूप घटलं. त्याचं श्रेय मात्र एकट्या कराराला देता येत नाही, आणि मला हा सगळ्या प्रकरणातला अवघड भाग वाटतो. तरुण पिढी शिकारीचं अन्न आजी-आजोबांपेक्षा कमी खाते. विषाचा आकडा उतरतो तो काही अंशी चांगलं अन्न सुटल्यामुळेही. त्यात जॉर्ज नदीचा कॅरिबूंचा, म्हणजे तिथल्या रेनडिअरांचा, कळप १९९०च्या दशकातल्या आठ लाखांवरून काही हजारांवर आलेला, म्हणजे जमिनीवरचं हुकमी मांसही गेलं. २०१७ला ‘अमुंडसेन’ हे बर्फफोड जहाज आरोग्य पाहणीसाठी चौदाही गावांना फिरलं. त्या पाहणीच्या आखणीत इन्युइट संस्था बरोबरीने होत्या. रक्त तपासलं गेलंच, शिवाय काय खाता, घरात किती जण राहता, अन्न पुरतं का, हेही विचारलं गेलं. नॉनस्टिक भांड्यांशी नातं सांगणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी काहींचं प्रमाण तिथे कॅनडाच्या सरासरीपेक्षा जास्त आढळलं आहे.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र गावातल्या गावात एक उपाय सापडला: आर्क्टिक चार. सॅमनच्या कुळातला हा मासा, पारा कमी आणि ओमेगा-३ भरपूर. हडसन किनाऱ्यावरच्या गावांत तो गर्भवतींना फुकट वाटण्याचा उपक्रम झाला. मासा तिथल्याच पाण्यातला आणि खाण्याच्या सवयीतलाही, त्यामुळे कोणाला काही सोडायला सांगावं लागलं नाही.