दुसऱ्या हीटआधी घोड्याच्या शरीरात काय चाललेलं असतं?

१९७६ सालच्या हॅम्बल्टोनियन शर्यतीत स्टीव्ह लोबेल नावाचा तीन वर्षांचा घोडा एकाच दिवशी चार वेळा धावला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ड्युक्वॉइन इथे ही शर्यत होती. दर वेळी एक मैल, मागे दोन चाकांची हलकी गाडी आणि गाडीत ड्रायव्हर बिली हॉटन. अशा एकेका धावेला ‘हीट’ म्हणतात. दोन हीट जिंकेल तो विजेता, असा नियम. पहिल्या तिन्ही हीट संपल्या तरी दोनदा जिंकलेला घोडा निघेना, म्हणून चौथी घ्यावी लागली. स्टीव्ह लोबेल ती जिंकला आणि त्यानंतर थकव्याने नि उष्णतेने कोसळला. पशुवैद्यांनी शर्थ करून त्याला वाचवलं. एकाच दिवशी घोड्याला पुन्हा पळवावं का, हा प्रश्न इथून सुरू होतो.

आपल्याकडे महालक्ष्मीला धावतात ते घोडे वेगळे. तिथे पाठीवर जॉकी असतो आणि घोडा चौखूर उधळतो. हार्नेस रेसिंगमध्ये, म्हणजे गाडी जुंपून होणाऱ्या या शर्यतींत, चौखूर धावणं निषिद्ध. ‘ट्रॉटर’ दुडकी चालीने धावतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात. ‘पेसर’चे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडतात. चाल मोडली की ड्रायव्हरला घोडा आवरून पुन्हा चालीवर आणावा लागतो आणि तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जातात. या घोड्यांची जात ‘स्टँडर्डब्रेड’. १८७९ मध्ये ट्रॉटरसाठी एक मैलाला २ मिनिटं ३० सेकंद असा दर्जा ठरला, त्यावरून हे नाव पडलं.

त्या काळी पाचपैकी तीन हीट जिंकाव्या लागत. म्हणजे एका दिवसात किमान तीन मैल, कधी पाच. डॅन पॅच हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा गाजलेला पेसर आयुष्यात एकही शर्यत हरला नाही; हरला त्या फक्त दोन हीट. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कजवळ रूझवेल्ट रेसवे सुरू झालं, रात्रीच्या दिव्यांखाली पैजा लागू लागल्या आणि एकाच धावेत निकाल लावणाऱ्या शर्यती रूढ झाल्या. काही मोठ्या शर्यती सोडल्या तर हीटची पद्धत मागे पडली ती धंद्याच्या सोयीसाठी. घोड्याच्या तब्येतीचा विचार तेव्हा कुणी फारसा केलेला नव्हता.

आता तो करता येतो, कारण मधल्या काळात घोड्याच्या शरीराचा अभ्यास खूप पुढे गेला आहे.

उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. शर्यतीत ते २२० च्या वर जातं. त्याच वेळी पांथरी, म्हणजे प्लीहा, आकुंचन पावते आणि तिने साठवून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. एरवी रक्ताच्या आकारमानात ३५ ते ४० टक्के असलेल्या या पेशी साठ टक्क्यांच्या पुढे जातात. माणसाच्या शरीराला हे जमत नाही. ऑक्सिजन वाहून नेण्याची घोड्याची अफाट ताकद बरीचशी इथून येते. तरीही शेवटच्या पाव मैलात तो ऑक्सिजन पुरत नाही, आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन अपुरा पडला की स्नायूंत साचणारा पदार्थ, विश्रांतीच्या वेळेपेक्षा वीस-तीस पटींनी वाढतं.

एवढं वाचून वाटेल की असा घोडा दोन तासांत पुन्हा धावूच शकणार नाही. पण धावतो, आणि पुष्कळदा तेवढ्याच वेगाने धावतो. हृदयाचे ठोके काही मिनिटांत झपाट्याने उतरतात. लॅक्टेट तासा-दीड तासात बरंचसं निघून जातं. घोड्याला नुसतं उभं न ठेवता हलकं चालवलं तर आणखी लवकर जातं. शिवाय आधी झालेल्या व्यायामामुळे पुढच्या धावेत स्नायू ऑक्सिजन लवकर वापरू लागतात, म्हणून तर हे घोडे शर्यतीआधीही चांगले मोकळे करून घेतात. ‘हीट झाली की घोडा अधिक चांगला धावतो’ असं जुने ट्रेनर म्हणत आले, त्यात तथ्य आहे. हीटच्या विरोधात बोलणाऱ्यांनी हे नाकारू नये.

पण हा फक्त शरीराचा लवकर सावरणारा भाग झाला. खरी अडचण सावकाश सावरणाऱ्या गोष्टींची आहे, आणि त्या प्रेक्षकांतून दिसत नाहीत.

पहिली गोष्ट उष्णता. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा भाग पळण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. साडेचारशे-पाचशे किलोच्या शरीराला वजनाच्या मानाने कातडी कमी, त्यामुळे ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. शर्यतीनंतर लगेच गुदद्वारात थर्मामीटर लावला तर आकडा काळजी करण्यासारखा दिसत नाही. दहा मिनिटांनी तोच आकडा वर गेलेला असतो, कारण स्नायूंत अडकलेली उष्णता आता अंगभर पसरत असते. गॅस बंद केला तरी कुकर काही वेळ तापलेलाच राहतो तसं. म्हणून घोडा शर्यतीहून परतल्यावर पहिल्या मिनिटाला पाहून ‘ठीक आहे’ म्हणण्याला अर्थ नाही. त्याच्यावर सतत भरपूर गार पाणी ओतलं पाहिजे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर स्नायू आखडतात, ही समजूत १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनाने खोडून काढली.

घामाचंही तसंच. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट असतो. त्यात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, मानेवर नि मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो तो त्याच्यामुळे. तासाला दहा-पंधरा लिटर घाम जाऊ शकतो आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडही जातं. अमेरिकेत यात आणखी एक भर पडते. तिथे फुप्फुसांतला रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अनेक घोड्यांना शर्यतीच्या सुमारे चार तास आधी फ्युरोसेमाइड टोचतात. आपल्याकडे हृदयरोग्यांच्या घरात लॅसिक्स म्हणून ओळखीचं असलेलं, लघवीवाटे पाणी काढणारं हे औषध. म्हणजे पहिल्या हीटआधीच शरीरातलं बरंच पाणी गेलेलं असतं. अशा घोड्याला उन्हात दोनदा पळवणं मला धोक्याचं वाटतं. स्वीडनमध्ये शर्यतीच्या दिवशी हे औषध चालत नाही.

दुसरी गोष्ट ग्लायकोजेन, स्नायूंतली साठवलेली साखर. दमलेला माणूस भात-पोळी खाऊन एका दिवसात हा साठा बराचसा भरून काढतो. घोड्याला दोन-तीन दिवस लागतात, कितीही दाणा घातला तरी. त्यामुळे दुसऱ्या हीटला तो निम्म्या साठ्यावर नसला तरी कमी साठ्यावर नक्कीच उतरतो. ही कमतरता वेगवान स्नायुतंतूंत जास्त असते, आणि शेवटच्या वळणावर नेमके तेच तंतू लागतात. दमलेल्या स्नायूंचा आधार सुटला की भार कंडरांवर आणि घोट्यामागच्या अस्थिबंधांवर जातो.

तिसरी गोष्ट हाड. वेगाने धावताना हाडात सूक्ष्म भेगा पडतात आणि शरीर त्या आठवडे लावून दुरुस्त करतं. ‘प्राथमिक फेरी आठवडाभर आधी घ्या, म्हणजे घोड्याला आराम’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. आठवड्यात पाणी, क्षार, साखर सगळं भरून निघतं, हाड मात्र भरून निघत नाही. हाडाच्या दृष्टीने एका दिवसात दोन शर्यती काय आणि आठ दिवसांत दोन काय, फरक थोडाच. वर घोड्याला दोनदा ट्रकमधून प्रवास.

हॅम्बल्टोनियनने दोन हीट जिंकण्याची अट १९९० च्या दशकात सोडली. त्यानंतर तिथे प्राथमिक फेरी कधी आठवडाभर आधी, तर कधी त्याच दिवशी झाली आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या सोलव्हाला इथली एलिटलोपेत ही ट्रॉटरांची शर्यत मे महिन्याच्या अखेरीस होते. आठ-आठ घोड्यांच्या दोन हीट, प्रत्येकीतले पहिले चार अंतिम फेरीत, आणि ती त्याच दुपारी. तिथली मेमधली हवा बहुधा गार असते. ओहायोतल्या डेलावेअर गावच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये होणारी लिटल ब्राउन जग ही पेसरांची शर्यत अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर असते. एका मैलात दोन फेऱ्या, चार वळणं. एका दिवसात दोन हीट म्हणजे आठ वळणं, आणि वळणावर पायांवर पडणारा ताण सरळ रस्त्यापेक्षा जास्त. म्हणून या तिन्हींना एकच नियम लावणं मला पटत नाही.

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी मैदानांत वाढलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. गट, सेमी, फायनल, आणि तीच बैलजोडी एका दिवसात तिन्ही. तिथलं अंतर पुष्कळ कमी असतं, पण फेऱ्यांच्या मधल्या वेळात जनावराकडे कोण, काय पाहतं हा प्रश्न तिथेही तोच.

याचं उत्तर घोड्यांच्याच दुसऱ्या एका खेळात तयार आहे. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींमध्ये प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरलेल्या वेळात ठोके बहुतेक ठिकाणी ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर घोडा बाद. हिरड्यांचा रंग, चिमटीत धरून सोडलेली कातडी किती लवकर सपाट होते, आतड्यांचा आवाज, पायात लंगड आहे का, हे सगळं पाहिलं जातं. हीटच्या शर्यतींमध्ये ठोके लवकर उतरत असल्याने तेवढ्यावर भागणार नाही. तापमान दोनदा, थोड्या अंतराने घ्यावं लागेल. पण तपासायला तास-दीड तास हाताशी असतोच.

माझं मत असं: गार हवेत, अशा तपासणीनंतर, दुसरी हीट चालू द्यावी. १८७९ चा दर्जा अडीच मिनिटांचा होता. २०२२ मध्ये बुलडॉग हॅनोव्हर या पेसरने मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरने कापला. त्या वेगाला पणजोबांच्या काळच्या पाच हीटचा हिशोब लागू होत नाही. ऊन आणि दमटपणा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर दुसरी हीट रद्द व्हावी, आणि ती मर्यादा शर्यतीच्या आधी जाहीर झालेली असावी. तिसरी हीट तर कुठल्याच परिस्थितीत नको. दोन हीटचे दोन वेगळे विजेते निघाले तर कमी वेळेवर निकाल लावावा किंवा बक्षीस वाटून द्यावं, पण त्या घोड्यांना तिसऱ्यांदा गाडीला जुंपू नये.