‘जन गण मन’ बादशहासाठी नव्हतं
धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की चहा घेताना कोणीतरी म्हणतंच, ‘हे गाणं तर पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं होतं ना?’ यंदा हाच प्रश्न आठवीतल्या एका मुलानं विचारला, म्हणून नीट सांगतो. नाही, तसं नव्हतं.

याचं उत्तर खुद्द रवींद्रनाथांनी १० नोव्हेंबर १९३७ रोजी पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात आहे. सरकारदरबारी मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका मित्रानं त्यांना बादशहाचं स्तुतिगीत लिहायची गळ घातली होती. ते ऐकून कवीला नवल वाटलं आणि संतापही आला. त्या भरात त्यांनी जयजयकार केला तो भारताच्या भाग्यविधात्याचा. युगानुयुगे वाटसरूंचा रथ हाकणारा हा सारथी कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही, हे त्या मित्रालाही कळलं, असं ते लिहितात. गाण्याचं तिसरं कडवं काढून बघा, तिथे ‘चिरसारथि’ हा शब्दच आहे. चौथ्यात तर त्याला ‘माता’ म्हटलंय. बादशहाला कोणी आई म्हणेल का? आपण पहिलंच कडवं म्हणतो, तिथेच घोळ होतो.

मग अफवा आली कुठून? २७ डिसेंबर १९११ ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं. त्याच दिवशी बादशहाच्या स्वागताचं एक वेगळं हिंदी गाणंही झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची सरमिसळ केली, आणि तीच बातमी आजही मोबाईलवर फिरतेय.