अर्पणाचा हिशेब (ख्रिस्ती मंडळीतील)

ख्रिस्ती उपासनेत जमा होणारे दान गोळा करण्याची, मोजण्याची व दात्याच्या हेतूप्रमाणे खर्चण्याची शिस्त. ख्रिस्ती नीतिविचारात सचोटीचा प्रश्न ‘कारभारीपणा’च्या (संपत्ती देवाची, माणूस केवळ तिचा सांभाळ करणारा, या कल्पनेच्या) अंगाने येतो, तो येथेच सर्वाधिक कसाला लागतो.

या शिस्तीचा सर्वांत जुना तपशीलवार दाखला यहूदाचा राजा यहोआश याच्या कारकिर्दीतला (इ.स.पू. नववे शतक, बहुधा उत्तरार्ध). मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांच्या हाती पडूनही काम होईना, तेव्हा यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी ठेवली. ती भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे मिळून मोजत, थैल्या बांधत. नाणी तेथे अजून रुळली नव्हती. चांदी तोलूनच कारागिरांना दिली जाई. तपशिलाबाबत मात्र बायबलच्या दोन ग्रंथांत मेळ नाही. २ राजे १२ मध्ये पेटी वेदीजवळ आहे, पैसे दारावरचे याजक टाकतात आणि त्यांतून मंदिराची पात्रे केली नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. २ इतिहास २४ मध्ये पेटी दाराबाहेर आहे, लोक स्वतः टाकतात आणि उरलेल्या पैशातून पात्रे होतात. इतिहास हा ग्रंथ बराच नंतरचा असल्याने राजे ग्रंथातील वृत्तान्त अधिक ग्राह्य वाटतो.

आरंभीच्या मंडळीतील हनन्या व सप्पीरा या दांपत्याने जमीन विकून किमतीचा काही भाग लपवून ठेवला (प्रेषितांची कृत्ये ५). त्यांचा अपराध कोणता, यावरही मतभेद आहेत. मृत समुद्राकाठच्या कुमरान या यहुदी पंथाच्या नियमात मालमत्तेविषयी जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याला वर्षभर पवित्र भोजनातून वगळून त्याचे एकचतुर्थांश अन्न कापले जाई. त्यावरून काही अभ्यासक आरंभीच्या मंडळीतही संपत्ती सोपवणे बंधनकारक मानतात. पण चौथे वचन जमीन व तिची किंमत हनन्याच्याच अधिकारात होती असे सांगते. तेव्हा अपराध रक्कम राखल्याचा नसून सगळी दिल्याचे भासवल्याचा, हे मत अधिक पटते. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला सोबती घेतला, तो बोल लागू नये म्हणून (२ करिंथ ८).

प्रचलित पद्धत : उपासना संपताच थैल्या मोजणीच्या खोलीत नेतात. मोजणारे किमान दोघे, शक्यतो एका घरातले नसावेत. दानाच्या पाकिटावर लिहिलेली रक्कम आतल्या रकमेशी ताडतात, नोटांचे मूल्यवार तपशीलपत्रक भरून दोघे सही करतात. चूक गिरवायची नाही. रेघ मारून शेजारी सही करायची. संपूर्ण रक्कम बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरतात. बिघडते ते बहुधा येथेच : थैलीतूनच वीजबिल वा रिक्षाभाडे दिले जाते, मग भरणा कीर्दीशी जुळत नाही आणि जमा व खर्च दोन्हींचा माग पुसला जातो. म्हणून किरकोळ खर्चाची रोकड वेगळीच काढावी लागते. सुगीच्या सणात अर्पिलेल्या धान्याफळांचा लिलाव होतो, तेथे बोली लागताच रक्कम जमेस धरली की थकबाकी झाकली जाते.

रोमन कॅथलिक धर्मसंहितेत विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरण्याचे बंधन आहे (कलम १२६७). प्रत्येक धर्मग्रामात (स्थानिक मंडळीत) अर्थसमिती आवश्यक (५३७). मिस्सासाठी (धर्मगुरूने दात्याच्या हेतूने करायच्या उपासनाविधीसाठी) घेतलेल्या प्रत्येक दानाची स्वतंत्र मिस्सा व्हावी लागते (९४८). एका दिवशी अनेक मिस्सा केल्या तरी, नाताळ वगळता, धर्मगुरूला एकच दान स्वतःकडे ठेवता येते (९५१).

महाराष्ट्रातील एक उदाहरण, नाशिक : शहरातील शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवली. अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ चा; तो १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये आला. कॅथलिक धर्मप्रांत १९८७ चा. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीतील यात्रेला इतर धर्मीयही दान टाकतात. महाराष्ट्रात नोंदणीकृत विश्वस्त व्यवस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार लेखापरीक्षण सक्तीचे असून, कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा बक्षीस, तसेच शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमिनीचा अथवा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.