बुकमार्क केलेलं पान ऐनवेळी सापडत का नाही?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या बाजूच्या गल्लीत आमचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काउंटरवर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. मशीन हळू चालतंय, पावसाळ्यात चार्जिंगच्या जागी गंज चढलाय, प्रिंटर दिसत नाही. पण अलीकडे एक तक्रार फार वेळा कानावर येते: "मी ते पान जपून ठेवलं होतं हो, आता मिळतच नाही." हिच्यासाठी कुठला भाग बदलायचा नसतो आणि बिलही फाडायचं नसतं. तरी माणूस खरोखर अडलेला असतो, म्हणून हे पत्रक छापलं.

गणपती होऊन गेल्यावर गिरगावातल्या एक काकू लॅपटॉप घेऊन आल्या. काकांना किडनीचा त्रास, डॉक्टरांनी जेवणातलं पोटॅशियम कमी करायला सांगितलेलं. बटाटा सोलून, पातळ चकत्या करून भरपूर पाण्यात भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात शिजवायचा, हे सगळं एका पानावर नीट समजावून दिलं होतं. काकूंनी ते बुकमार्क केलं होतं. दुकानात बसून त्यांनी 'बटाटा' शोधलं, काही नाही. 'पोटॅशियम' शोधलं, काही नाही. चारशेच्या वर बुकमार्क होते, म्हणजे एकेक उघडून बघायचीही सोय नाही. शेवटी पान सापडलं. त्याचं शीर्षक इंग्रजीत होतं, 'पेशंट इन्फर्मेशन, भाग तीन', आणि ते पडलं होतं 'लाइट बिल' नावाच्या फोल्डरमध्ये.

काकूंच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. बुकमार्कची रचनाच तशी आहे.

बुकमार्कमध्ये नेमकं काय साठतं

पत्त्याच्या पट्टीतली चांदणी दाबली की ब्राउझर (म्हणजे क्रोम, फायरफॉक्ससारखं वेब पानं बघायचं सॉफ्टवेअर) मुख्यतः दोन गोष्टी लिहून ठेवतो: पानाचा पत्ता आणि पान बनवणाऱ्याने दिलेलं शीर्षक. पानावरचा मजकूर तो ठेवत नाही. त्यामुळे बुकमार्कमध्ये तुम्ही शोधता तेव्हा शोध फक्त त्या शीर्षकात आणि पत्त्यात होतो. आपल्या लक्षात मात्र मजकूर राहतो: बटाटा, भिजवणं, काकांचा डाएट. शीर्षक आपण दिलेलंच नसतं, ते लक्षात कसं राहणार? कित्येक पानांचं शीर्षक नुसतं 'होम' किंवा 'स्वागत' असतं.

फोल्डरची गोष्ट वेगळी. चांदणी दाबल्यावर फोल्डर निवडला नाही, तर ब्राउझर बऱ्याचदा मागच्या वेळी वापरलेल्या फोल्डरमध्येच नवीन पान टाकतो. काकूंनी त्याआधी विजेचं बिल भरण्याचं पान जपलं होतं. त्यामुळे बटाटा तिथे गेला.

आपल्या मराठी माणसांना यात आणखी एक अडचण आहे. शीर्षक देवनागरीत असेल आणि तुम्ही इंग्रजी अक्षरांत 'पोहे' टाइप केलंत, तर ते जुळत नाही. 'हिंदी' आणि 'हिन्दी' ब्राउझरच्या लेखी दोन निराळे शब्द आहेत. 'ॲप' या शब्दातलं पहिलं अक्षर तर दोन प्रकारे टाइप होतं. एक म्हणजे सबंध अक्षर, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, २००८ साली आलं. दुसरं म्हणजे 'अ' वर चंद्र चढवून केलेलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण एकाने शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. म्हणून शोधताना शब्दातला साधा, जोडाक्षर नसलेला तुकडा टाका.

एकच सवय लावा

कंट्रोल धरून डी दाबलं, किंवा चांदणीवर क्लिक केलं, की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात नावाचा रकाना असतो आणि तो आधीच निवडलेला असतो, म्हणजे सरळ टाइप करायला लागलात की जुनं नाव जाऊन तुमचं येतं. बहुतेक लोक ही चौकट न वाचता बंद करतात. आमची कळकळीची विनंती आहे, तिथे दहा सेकंद थांबा आणि हे पान तुम्हाला पुन्हा केव्हा आठवेल, त्या वेळचे शब्द लिहा. काकूंनी आमच्यासमोर नवीन नाव लिहिलं: 'बटाटा भिजवणे, ह्यांचं पोटॅशियम'. यापेक्षा चांगलं नाव आम्हालाही सुचलं नसतं. इंग्रजीतून शोधायची सवय असेल तर त्याच नावापुढे इंग्रजीतही एक शब्द जोडा. नाव लांब झालं तरी बिघडत नाही.

फोल्डर फार करू नका, असं आमचं मत आहे. बँक, घर, तब्येत, मुलांची शाळा, एवढे चार-पाच पुरतात. फोल्डरात फोल्डर करत गेलं की एकच पान तीन ठिकाणी शोभेल असं वाटतं आणि नंतर तिन्ही ठिकाणी शोधावं लागतं. फायरफॉक्समध्ये त्याच चौकटीत टॅगचा रकाना आहे. तिथे एका पानाला हवे तितके शब्द चिकटवता येतात, म्हणून जास्त बुकमार्क असणाऱ्यांना आम्ही फायरफॉक्स सुचवतो.

जुन्या ढिगाऱ्यातून शोधायचं असेल तर

क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा. सगळे बुकमार्क एका पानावर उघडतात आणि वर शोधायची जागा असते. पत्त्याच्या पट्टीतूनही शोधता येतं: ॲटचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत बुकमार्क्स असा शब्द, मग कीबोर्डवरची टॅबची कळ, आणि पुढे तुमचा शब्द. फायरफॉक्समध्ये आठच्या आकड्यावरचं चांदणीचं चिन्ह टाका, एक जागा सोडा आणि शब्द लिहा.

शीर्षक आठवत नसेल, तर संस्थेचं नाव आठवून बघा. ते बहुतेक पत्त्यात असतं.

शब्दच आठवत नसेल तर दिवस आठवा. काकूंचं पान आम्ही असंच शोधलं. "अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर बघितलं होतं," एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. प्रत्येक बुकमार्क केव्हा केला ते ब्राउझर गुपचूप लिहून ठेवतो. क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमधून सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक पत्त्यापाशी एक लांबलचक आकडा दिसतो. ती असतात १ जानेवारी १९७० पासून मोजलेली सेकंदं. ही फाइल फायरफॉक्समध्ये आणली, तर लायब्ररीच्या खिडकीत जोडल्याच्या तारखेचा रकाना दाखवता येतो आणि त्यावर क्लिक करून यादी तारखेनुसार लावता येते. त्या रात्रीचे फक्त तीन बुकमार्क निघाले, आणि त्यांतला दुसरा बटाट्याचा होता. हे काम आम्ही काउंटरवर पंधरा मिनिटांत करून देतो, पैसे घेत नाही.

जाता जाता, या फाइलची पहिली ओळ नेटस्केपचं नाव सांगते. तो ब्राउझर आला १९९४ साली. त्याच्या आदल्या वर्षीच्या मोझेक ब्राउझरमध्ये याच सोयीला 'हॉटलिस्ट' म्हणत. ब्राउझर इतके बदलले, तरी पत्ता आणि शीर्षक जपायची ती पद्धत आजही जवळपास तशीच चालू आहे.

बुकमार्क आहे, पण दुसरीकडे आहे

घरात एकाच लॅपटॉपवर दोघांची खाती असतील तर बुकमार्कही दोन वेगळ्या कपाटांत असतात. क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र बघा, कोणाचं खातं चालू आहे ते कळेल. मोबाइलवर जपलेलं पान संगणकावर हवं असेल तर दोन्हीकडे एकाच खात्याने साइन-इन करून सिंक, म्हणजे दोन्हीकडचे बुकमार्क आपोआप जुळवून ठेवायची सोय, चालू ठेवावं लागतं. मग मोबाइलचे बुकमार्क वेगळ्या फोल्डरमध्ये दिसू लागतात. आणि फेसबुकच्या आत उघडलेलं पान तिथेच 'सेव्ह' केलंत, तर ते फेसबुकच्या सेव्ह यादीत जातं, ब्राउझरमध्ये येत नाही. ही गल्लत आम्ही सगळ्यात जास्त पाहतो.

पुष्कळ जण बुकमार्क करतच नाहीत, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच लिंक पाठवतात. आमची काही हरकत नाही. फक्त लिंकच्या खाली त्याच मेसेजमध्ये दोन मराठी शब्द लिहा, म्हणजे नंतर शोधता येईल. 'हिस्टरीत असेलच' या भरवशावर मात्र राहू नका. क्रोमची हिस्टरी साधारण ९० दिवसांपर्यंतच मागे जाते.

बुकमार्क सापडला, पण पान उघडत नाही

सातबारा, मालमत्ता कराचं बिल, परीक्षेचा निकाल, तिकिटाची स्थिती ही पानं फॉर्म भरल्यावर त्या घडीपुरती तयार होतात. त्यांचा बुकमार्क दुसऱ्या दिवशी बहुतेक लॉगिनच्या पानावर नेऊन सोडतो. अशा पानांसाठी चांदणी कामाची नाही. प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून जपा, आणि फाइलला नाव द्या.

बाकीची पानंही कायमची नसतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ मध्ये असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळत नव्हती. पान गेलं असेल तर बुकमार्क लगेच पुसू नका, कारण त्याचा पत्ताच उपयोगी पडतो. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेब पानांच्या प्रती जमवते आहे, आणि २००१ पासून त्या वेबॅक मशीन या नावाने सर्वांना फुकट बघता येतात. तिथे जुना पत्ता टाकला की कधी कधी पान जसंच्या तसं मिळतं. प्रत्येक पान मिळेलच असं नाही, पण मिळालं की माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आम्ही पाहिलं आहे. तब्येत, कायदा किंवा पैशांबाबतचं महत्त्वाचं पान असेल, तर बुकमार्कबरोबर पीडीएफही ठेवा.

मशीन फॉरमॅटला देण्याआधी

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केलं म्हणजे सगळं आलं, असा समज आहे. बुकमार्क त्यांत नसतात. विंडोजमध्ये ते एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि फॉरमॅटबरोबर जातात. सिंक चालू असेल तर ते परत येतात, नसेल तर येत नाहीत. म्हणून मशीन फॉरमॅटला देताना काउंटरवर "बुकमार्क आहेत" एवढं सांगा, आम्ही पावतीवर लिहून घेऊ. बुकमार्कची फाइल पेनड्राइव्हवर तुमच्या हातात दिल्याशिवाय डिस्क पुसायला घेत नाही.