पार्श्वभूमी: पुढच्या शॉकअपची स्प्रिंग बदलायची टूम आली कुठून?

नवी साडेतीनशे किंवा साडेसहाशे सीसीची गाडी घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगांची चौकशी सुरू होते. ही आपल्याकडची गेल्या काही वर्षांतली गोष्ट. त्याआधी स्प्रिंग बदलायची ती ‘बसली’ म्हणून किंवा तुटली म्हणून, आणि टाकायची ती कंपनीचीच. धडधाकट स्प्रिंग काढून तिच्या जागी पदरच्या पैशाने दुसरी घालायची, हे गॅरेजवाल्यालाही पटत नसे.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. तेलाने दमन होणारा, म्हणजे स्प्रिंगची उसळी तेलाने आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा पुढचा शॉकअप) रस्त्यावरच्या गाडीला १९३५ मध्ये जर्मनीत लागला आणि युद्धानंतर ब्रिटिशांनी तो सरसकट उचलला. बुलेटला तो १९४९ च्या मॉडेलमध्ये आला, १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. राजदूत १७५ आधी लीडिंग लिंक (नळ्यांऐवजी दांड्यांवर चाक वरखाली होणारी जुळणी) घेऊनच आली होती. या काळात स्प्रिंग हा सुटा विकत घ्यायचा विषयच नव्हता.

तो झाला सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत आणि युरोपात. जपानी गाड्यांची इंजिनं झपाट्याने मोठी झाली, पण पुढच्या स्प्रिंगा मऊच राहिल्या. शोरूममधून पाच मिनिटांची चक्कर मारणाऱ्याला मऊ गाडी आवडते, हे त्यामागचं सरळ गणित. कंपन्यांनी त्यावर दोन उपाय काढले. एक, फोर्कच्या टोपीला वॉल्व्ह लावून आत हवा भरायची. दुसरा, ब्रेक मारताना पुढचा भाग खाली जाऊ नये म्हणून अँटी-डाइव्हची जुळणी. हवेचा दाब वाढला की ऑइल सीलवरचं घर्षण वाढे आणि बारीक खडीवर फोर्क हलेनासाच होई. अँटी-डाइव्हमुळे ब्रेक लावलेला असताना खड्डा आला की हादरा थेट मनगटात. दशक संपता संपता रस्त्यावरच्या गाड्यांतून दोन्ही बहुतेक हद्दपार झाले. टिकली ती तिसरी वाट, लोकांनी स्वतः शोधलेली: टोपी उघडा, स्प्रिंग बदला.

आपल्याकडे १९८४ ते ८६ या दोन-तीन वर्षांत जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या. त्यांचे पुढचे पाइप बारीक, स्प्रिंगा मऊ. तरी तक्रार फारशी नव्हती. याचं कारण अनेकजण ‘तेव्हा लोकांना कळत नव्हतं’ असं सांगतात. ते खरं नाही. नवरा, बायको, दोन मुलं आणि कॅरिअरची पिशवी, हा सगळा भार मागच्या चाकावर जातो. शिवाय पुढे ड्रम ब्रेक. त्या ब्रेकने गाडी नाक खाली घालण्याइतकी थांबायचीच नाही. १९९९ मध्ये सीबीझेड आणि दोन वर्षांनी पल्सर आली, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक लागला, आणि मग स्प्रिंगचं उणेपण दिसू लागलं. माझ्या मते आपल्याकडच्या या सगळ्या प्रकरणाची खरी सुरुवात तिथे आहे. खड्डे काय, आधीही होतेच.

सुरुवातीचे उपाय गॅरेजातले: स्प्रिंगवर दोन वॉशर किंवा पाइपचा तुकडा, आणि फोर्क ऑइलऐवजी इंजिनचं २०डब्ल्यू-४०. जाड तेलाने गाडी डोलायची थांबते, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण साध्या डॅम्पर रॉडच्या (आत भोकं पाडलेली नळी असलेल्या) फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. चाक हळू हललं तर दमन जवळपास नाहीच; झटक्यात हललं तर भोकं तुंबल्यासारखी होतात. जाड तेल हा दोष आणखी वाढवतं. आपल्या रस्त्यांच्या नियमावलीतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा लागतो. त्यावर ताशी २५ किलोमीटरला काही जाणवू नये. गल्लीत असतो तो हातभर रुंदीचा, उभ्या कडेचा. जाड तेलाची गाडी तिथे लोखंडी कांब बसवल्यासारखी आदळते, आणि मालक समजतो स्प्रिंग कडक झाली.

वॉशरचीही तीच गत. वॉशरने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब, वाढतो, कडकपणा नाही. आकड्यांनी पाहू. समजा पुढच्या स्प्रिंगांवर ६० किलो भार आहे, एकूण चाल (फोर्क जास्तीत जास्त दबतो ते अंतर) १३० मिलिमीटर, आणि प्रत्येक स्प्रिंग मिलिमीटरभर दाबायला ०.६ किलो लागणारी, म्हणजे दोन्ही मिळून १.२. आधीच १५ मिलिमीटर दाबून बसवली तर स्वार बसल्यावर फोर्क ३५ मिलिमीटर खाली येईल. जोरात ब्रेक मारून आणखी ७० किलो पुढे आले की अजून ५८ जातील, उरले ३७. वॉशर घालून प्रीलोड ३० केला तर ब्रेकनंतर ५२ उरतात, पण साध्या चालीत फोर्क फक्त २० मिलिमीटर बसलेला असतो. खड्ड्यात चाक खाली उतरायला तेवढीच जागा, मग वर खटका. आता ०.७५ च्या स्प्रिंगा घाला आणि प्रीलोड ५ वर आणा. बसणं पुन्हा ३५, आणि ब्रेकनंतर ४८ शिल्लक. आतल्या हवेचा आधार यात धरलेला नाही, पण कडक स्प्रिंगने गाडी आरामशीर कशी होते हे एवढ्यावरून कळतं.

खरा वाद मात्र पुढे आहे: प्रोग्रेसिव्ह की सरळ रेटची, म्हणजे पूर्ण चालभर एकाच कडकपणाची? बाजारात किट (बदलायच्या स्प्रिंगांचे तयार संच) आली ती मुख्यतः प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका टोकाला वेढे जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब. जवळचे वेढे आधी एकमेकांना टेकतात, कामातून जातात, आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. बाजू घेणारे म्हणतात, आपल्याकडे आज एकटा, उद्या मागे माणूस, परवा ताम्हिणीतून सामान लादून. एकाच रेटमध्ये हे कसं बसणार? मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण मऊ वेढे बहुतेक वेळा स्वार बसण्यातच खर्ची पडतात, छोट्या खडीसाठी उरत नाहीत. दुसरं, दमन एकाच कडकपणाला जुळवता येतं. स्प्रिंग चालीच्या मध्यावर बदलते, तेल नाही; त्यामुळे खोलवर गेलेला फोर्क उसळून येतो आणि वरच्या भागात सुस्त राहतो. तिसरं, तेलावरची कोंडलेली हवा मुळातच प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग आहे, तीही फुकटची. तेलाची पातळी पाच-दहा मिलिमीटर वर घेतली की शेवटची चाल आपोआप कडक होते.

मग प्रोग्रेसिव्ह इतकी का खपली? विकणाऱ्याची सोय, दुसरं काय. सरळ रेटची स्प्रिंग द्यायची तर गिऱ्हाइकाचं वजन विचारावं लागतं आणि एकाच गाडीसाठी चार-पाच रेट फळीवर ठेवावे लागतात. प्रोग्रेसिव्हचा एकच डबा ५५ किलोच्याला चालतो आणि ९५ किलोच्यालाही. डब्यावर रेट छापलेला असतोच असं नाही. नजरेने ओळखावा तर तेही शक्य नाही: तार ४ मिलिमीटरची ४.२ झाली, बाकी सगळं तेच, तरी कडकपणा सुमारे साडेएकवीस टक्क्यांनी वाढतो, कारण तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. जवळचे वेढे वर की खाली, यावरही हातघाईवर येणारे आहेत. वर ठेवले तर चाकाबरोबर हलणारं वजन थोडं कमी होतं आणि खळखळ होत असेल तर फिरवून पाहावं, एवढंच त्यात आहे.

२०१२ च्या ड्यूक २०० ने ४३ मिलिमीटरचा अपसाइड-डाउन (जाड नळी वर, बारीक खाली असा उलटा) फोर्क आवाक्यात आणला. २०१६ ची हिमालयन ४१ मिलिमीटरचे पाइप आणि २०० मिलिमीटर चाल घेऊन आली. २०१८ च्या इंटरसेप्टरची पुढची चाल होती ११० मिलिमीटर, आणि किटच्या बाजाराला उठाव मिळाला तो याच गाडीने. वजनदार गाडी, थोडी चाल, दमदार डिस्क: ब्रेक मारल्यावरचा तोच हिशेब. परदेशात नव्वदच्या दशकातच डॅम्पर रॉडवर बसणारे छोटे वॉल्व्ह आले होते, भोकांचा दोष दूर करणारे. आपल्याकडे ते स्प्रिंगांच्या मानाने आजही कमी बसतात, कारण त्यासाठी फोर्क पूर्ण उतरवून रॉडला मोठी भोकं पाडावी लागतात. स्प्रिंगला टोपी उघडली की झालं.

आणि टोपी उघडण्यापुरतंच काम समजल्यामुळे एकाच किटबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. तेलाची पातळी फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर काढून, वरच्या कडेपासून मिलिमीटरमध्ये मोजायची असते. बहुतेक ठिकाणी बाटलीवरच्या मिलिलिटरनी ओततात. नव्या स्प्रिंगची तार जाड, ती जास्त तेल वर ढकलते, हवेची जागा घटते. एकाची गाडी मऊसूत चालते, दुसऱ्याची शेवटच्या तीस-चाळीस मिलिमीटरमध्ये दगड होते. आणि दोघांच्या डब्यावर भाग क्रमांक एकच असतो.