जुन्या कॉम्प्युटरवर नेट चालत नाही? बिघाड नेमका कुठे, ते असं शोधा

सगळ्यात आधी मोबाईल हातात घ्या. त्याचा मोबाईल डेटा बंद करा, घरच्या वाय-फायला जोडा आणि पूर्वी कधी न उघडलेली एखादी साइट उघडा. नेहमीची नको, ती कधी कधी मोबाईलच्या साठवणीतूनच दिसते. मोबाईलवरही काही उघडलं नाही, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. राउटर बंद करा, ३० सेकंद थांबा, चालू करा आणि दोन-तीन मिनिटं दिवे स्थिरावू द्या. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागलेला असेल, तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. नेट देणाऱ्या कंपनीला कळवा.

मोबाईलवर नेट आहे आणि कॉम्प्युटरवरच नाही, तर पुढे वाचा. हे पत्रक मुख्यतः विंडोज ७ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

तार

कॉम्प्युटरच्या मागे लॅनची (राउटरकडून येणारी) तार जिथे घुसते, तिथे दोन छोटे दिवे असतात. तार लावल्यावर त्यातला एकही लागत नसेल, तर विंडोजमध्ये शिरण्यात अर्थ नाही. तार काढून पुन्हा घाला. ‘टक्’ असा आवाज यायला हवा. जुन्या तारांची प्लास्टिकची क्लिप हमखास मोडलेली असते. मग तार वरवर बसलेली दिसते, पण टेबल हललं की अर्धा मिलिमीटर मागे सरकते आणि नेट ये-जा करतं. राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा, मग दुसरी तार.

तारेत आठ वायर असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात (पिन १, २, ३ आणि ६), एक जीबीपीएसला आठही. म्हणून खुर्चीच्या चाकाखाली किंवा दाराच्या फटीत चेंगरलेली तार बऱ्याचदा पूर्ण मरत नाही, नुसता वेग पडतो. नेट ‘आहे पण रडतंय’ असं असेल, तर आमचा पहिला संशय तारेवर.

तार चांगली आहे, तरी दिवा नाही? डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली कॉम्प्युटरच्या भागांची यादी) ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडा. पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बिघडलाय. नेटवर्क कार्डाचं नावच दिसत नसेल, तर बहुधा कार्ड बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी मदरबोर्डची सेटिंग) बंद झालंय किंवा जळलंय. विजांच्या कडकडाटानंतर हे होतं. मदरबोर्ड बदलायची गरज नाही. वेगळं लॅन कार्ड किंवा यूएसबी लॅन अडॅप्टर लावून भागतं.

पत्ता

दिवे लागलेत, तर काळी खिडकी उघडा: स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सीएमडी’ लिहा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. इथे आदेश आणि आकडे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना ते इंग्रजीत करा.

‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या आणि ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ची ओळ पाहा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक ठरवून घेतला. ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’, मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ द्या. ‘डीएचसीपी एनेबल्ड’ (पत्ता आपोआप घेणं) यासमोर ‘नो’ असेल, तर आधीच्या कंपनीच्या माणसाने हाताने भरलेला पत्ता तसाच राहिलाय. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ वर जाऊन पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) दोन्ही ‘ऑटोमॅटिकली’ करा. कंपनी किंवा राउटर बदलल्यावर बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे आधी तपासावं.

आता तीन वेळा पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा, याच क्रमाने (‘+’ टाइप करू नका, तिथे मोकळी जागा सोडा):

पिंग + ‘डिफॉल्ट गेटवे’चा, म्हणजे राउटरचा, पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). उत्तर आलं, तर राउटरपर्यंतची वाट मोकळी.
पिंग ८.८.८.८. उत्तर आलं, तर बाहेरची वाटही मोकळी.
पिंग + एखाद्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नाव ‘सापडलं नाही’ म्हणतं, तर दोष डीएनएसचा. ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करा. जमलं नाही तर डीएनएसमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

काहीच जुळत नसेल तर ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ द्या आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. अर्धवट काढलेल्या अँटीव्हायरसचे तुकडे मध्ये अडकलेले असतात, ते याने बऱ्याचदा सुटतात.

पिंग होतं, पण पेज उघडत नाही

जुन्या कॉम्प्युटरचं खरं दुखणं हेच, आणि नेट इथे बंद नसतंच. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागची दाखवत असेल, तर सुरक्षित साइट उघडणार नाहीत: साइटच्या प्रमाणपत्राला (साइट खरी असल्याचा पुरावा) ‘पासून–पर्यंत’ मुदत असते आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या लेखी ती अजून सुरूच झालेली नाही. तारीख दुरुस्त करा. मेन स्विच बंद केल्यावर ती पुन्हा मागे गेली, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय.

हा सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः ‘साटा मोड’चा (हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत); सेल काढल्यावर ती सेटिंग बदलली तर विंडोज सुरूच होत नाही. मग प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, धातूची पट्टी हलकेच बाजूला सारा. नवा सेल अधिकची, म्हणजे अक्षरं कोरलेली बाजू वर ठेवून बसवा.

तारीख बरोबर असेल तर ब्राउझर पाहा. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, पण फायरफॉक्स ११५ ईएसआर (फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती) चालतो. तो प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, म्हणून विंडोजची यादी शिळी झाली तरी त्यात साइट उघडतात. विंडोज एक्सपीवर मात्र आम्ही आशा दाखवत नाही. विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ लाच. दोन्हींवर बँकेचे व्यवहार करू नका.

‘इंटरनेट ऑप्शन्स’, ‘कनेक्शन्स’, ‘लॅन सेटिंग्ज’ इथे प्रॉक्सीची (नेट दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत वळवणारी सेटिंग) खूण असेल आणि ती तुम्ही केलेली नसेल, तर काढा. काढूनही परत येत असेल, तर आत व्हायरस आहे.

वाय-फाय असेल तर

जुन्या कार्डाला अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं; ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याच्या यादीत येणारच नाही. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी जोडत नाही, तेव्हा राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर आहे का बघा, जुन्या कार्डाला तो बहुधा कळत नाही. २.४ साठी वेगळं नाव देऊन तिथे डब्ल्यूपीए२ ठेवा. यूएसबी अडॅप्टर कॅबिनेटच्या पुढच्या नव्हे, मागच्या पोर्टमध्ये लावा.

आम्हाला फोन करण्याआधी

लॅनचे दिवे लागतात का, आयपी पत्त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले दोन भाग (उदा. १९२.१६८), तीन पिंगची उत्तरं आणि घड्याळातली तारीख एवढं कागदावर लिहून ठेवा. आणि कोणी ‘फॉर्मॅट मारू या’ म्हणालं तर थांबवा: फॉर्मॅट केल्यावर लॅनचा ड्रायव्हरही जाऊ शकतो, आणि मग तो उतरवायला नेट नसतं.